पागा बदलताना: नोटीस, हिशेब आणि घोडी

घोडी दुसरीकडे न्यायची हे ठरवायला फार डोकं लागलं नाही. पागेच्या मोकळ्या कुरणाचा मोठा तुकडा रायडिंगच्या नव्या रिंगणात गेला आणि बोर्डिंगला, म्हणजे मालकांनी दरमहा पैसे भरून ठेवलेले घोडे पाळीपाळीने जेमतेम तासभर बाहेर पडू लागले. उरलेला दिवस ठाणात, म्हणजे घोडा बांधायच्या बंदिस्त जागेत. थोड्याच काळात माझी घोडी दारापाशी उभी राहून डावी-उजवीकडे डुलायला लागली. कोंडून पडलेल्या घोड्यांना ही खोड लागते, आणि मुरली की जागा बदलल्यावरही पूर्ण जाईल याचा भरवसा नसतो. मालकांशी बोलले. ते म्हणाले, रिंगणाशिवाय आता पागा परवडत नाही. त्यांचं खरं असेल, पण माझ्या घोडीला त्याचा काही उपयोग नव्हता.

अवघड होतं ते तिथून बाहेर पडणं. भाड्याची खोली सोडताना नोटीस देऊन आपण आपल्या घरात शांत झोपतो. इथे ज्याला ‘आम्ही निघालो’ असं सांगितलं, त्याच्याच हाती पुढचा महिनाभर आपलं जनावर असतं. वैरण त्याची माणसं टाकणार, पाणी तीच भरणार, रात्री पोट दुखायला लागलं तर फोन तीच करणार. हे डोक्यात ठेवूनच मी पुढची पावलं टाकली.

आधी करारपत्र काढून नीट वाचलं. मी निघायचं ठरवलं तर 30 दिवसांची लेखी नोटीस. पागेने मला काढायचं ठरवलं तर ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार तात्काळ’. सही करताना हे वाक्य कुणाला खटकत नाही, कारण त्या वेळी सगळेच एकमेकांवर खूश असतात. पण घोडा काही पिशवीत घालून नेता येत नाही. चांगल्या पागांमध्ये रिकामं ठाण सहसा नसतंच, नावं नोंदवून थांबावं लागतं. वर वाहन, पशुवैद्याची तपासणी, कागदपत्रं. म्हणजे अचानक निघावं लागलं तर जास्त अडचण घोडेवाल्याची होते, आणि करारात संरक्षण मात्र फक्त पागेला. घोडा माणसांच्या अंगावर जातोय, संसर्गाचा आजार लपवलाय, महिनोन्‌महिने पैसे थकलेत, अशा वेळी तात्काळ काढणं मी समजू शकते. एरवी मुदत दोन्हीकडून सारखी हवी.

म्हणून क्रम असा ठेवला : आधी नव्या पागेत ठाण पक्कं, मग नोटीस. त्यामुळे काही दिवस दोन्हीकडे पैसे जाणार होते. गेले. ते मी घोडीच्या सुरक्षिततेचा खर्च म्हणून धरले.

नोटीस देण्याआधी मालकांना प्रत्यक्ष भेटले. मोतद्दाराकडून (घोड्यांची निगा राखणाऱ्याकडून) किंवा दुसऱ्या घोडेवाल्यांकडून त्यांच्या कानावर गेलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. त्याच दिवशी कागदही दिला : आजची तारीख, शेवटचा दिवस, तोवरचे पैसे मी भरणार आहे, आणि तोवर चारा, चंदी (धान्याचा खुराक), खरारा, बाहेर सोडणं नेहमीप्रमाणे चालू राहावं. कारणं लिहिली नाहीत. ती बोलून झाली होती, आणि कागदावर आली की वाद कारणांवर जातो, तारीख बाजूला राहते. दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाली’ म्हणून सही घेतली, मेसेजही पाठवून ठेवला.

पहिला खटका तिथेच उडाला. मालक म्हणाले, “नोटीस पुढच्या एक तारखेपासून धरायची. आमच्याकडे तशीच पद्धत आहे.” महिना अर्ध्यावर होता, म्हणजे दीड महिन्याचे पैसे. करारात ‘30 दिवस’ एवढंच होतं. एक तारखेचा उल्लेख कुठेच नव्हता. मी तो परिच्छेद त्यांच्यासमोर ठेवला आणि गप्प बसले. थोडा वेळ आमच्याकडे किती खर्च असतो वगैरे झालं, मग ते 30 दिवसांवर आले. तुमच्या करारात ‘कॅलेंडर महिना’ असं लिहिलं असेल तर मात्र एक तारखेचा मुद्दा त्यांच्या बाजूने जाईल.

नोटिशीचे पैसे भरायला माझा विरोध नव्हता, हे इथे सांगते, कारण घोडेवाल्यांच्या गप्पांत पागावाला नेहमी लुटारूच असतो. जागेचं भाडं, मोतद्दारांचे पगार, पाण्याची मोटर, कुंपणाची डागडुजी हे एक घोडा गेल्याने कमी होत नाही. वैरण हंगामात स्वस्त असताना घोडे मोजून घाऊक भरून ठेवलेली असते. ठाण रिकामं पडलं तर हा सगळा भार उरलेल्या घोड्यांवर येतो. महिनाभराची मुदत म्हणजे नवं गिऱ्हाईक शोधायला दिलेला वेळ. त्यात गैर काही नाही.

खरी घासाघीस पुढे झाली. नव्या पागेतलं ठाण लवकर मोकळं झालं आणि घोडीला मुदतीआधीच नेता येणार होतं. मग उरलेल्या दिवसांचे पूर्ण पैसे द्यायचे का? माझं म्हणणं, ठाणाचे द्यायचे, खाण्याचे नाहीत. घोड्याला रोज वजनाच्या साधारण 1.5 ते 2 टक्के सुका चारा लागतो. 450 किलोच्या घोडीला 7 ते 9 किलो. तेवढी वैरण, चंदी आणि ठाणात अंथरायचा भुसा घोडी गेल्यावर त्यांच्या गोदामातच राहणार होता. आणि माझी मुदत संपण्याआधी त्या ठाणात दुसरा घोडा आला, तर एकाच जागेचे पैसे दोघांकडून घेणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. मालकांनी खाण्याची वजावट मान्य केली. ठाणाचं मात्र ‘बघू’ म्हणाले. नवा घोडा खरोखरच लवकर आला, आणि त्या ‘बघू’चं पुढे काहीच झालं नाही. लेखी घेतलेलं नव्हतं, त्यामुळे भांडायला हातात काही नव्हतं.

याच सुमारास शेजारच्या ठाणातला एक म्हातारा घोडा पोटशूळाने गेला. त्याच्या मालकिणीला हिशेब आला त्यात नोटिशीच्या महिन्याचे पैसे होते. मेलेल्या घोड्याची नोटीस कोण कधी देणार? करारात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणून लावले. सगळ्यांनी मिळून आवाज केल्यावर ते वगळले गेले. घोडा मेला तर, विकला तर, किंवा पशुवैद्याने दुसरीकडे हलवा म्हणून लिहून दिलं तर काय, ही तीन वाक्यं कुठल्याही करारात असावीत.

नोटीस दिल्यावर घोडीकडे दुर्लक्ष झालं का? मुद्दाम कुणी केलं नाही, पण मालकांचा सूर बदलला की माणसांचा हात आपोआप आखडतो. बाहेर सोडायच्या पाळीत ती शेवटी गेली. मी फेऱ्या वाढवल्या, वेळ न सांगता जाऊ लागले, आणि दर वेळी बाजूने, मागून असे तिचे फोटो काढत गेले. आरोप करायची वेळ आली नाही, पण फोटो काढतेय हे सगळ्यांना दिसत होतं, तेवढ्यानेच बरंच काम झालं. मोतद्दार मात्र शेवटपर्यंत सरळ वागला. “ताई, तिचं खाणं मी कमी करणार नाही,” हे त्याने आपणहून सांगितलं. निघताना त्याचं वेगळं देणं मी त्याच्या हातात दिलं.

पैशांचा शेवट घोडी निघायच्या आदल्या दिवशी केला. काही देशांत थकबाकी असेल तर घोडा अडवून ठेवायचा हक्क पागावाल्याला कायद्याने मिळतो, काही ठिकाणी तो करारातून घेतलेला असतो. वाहन दारात उभं, घोडी चढायला तयार आणि मालक म्हणतायत ‘नालबंदाचं एक बिल राहिलंय’, असा प्रसंग मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिला होता. म्हणून नालबंद, जंताचं औषध, डॉक्टरांची फी सगळं विचारून, भरून, ‘काही येणं बाकी नाही’ असं लिहून घेतलं. लसीकरणाची आणि ओळखीची मूळ कागदपत्रंही तेव्हाच ताब्यात घेतली.

हलवण्याबद्दल थोडंसंच. घोड्याच्या मागच्या आतड्यातले सूक्ष्मजंतू ठरावीक चाऱ्याला सरावलेले असतात. तो एकदम बदलला तर पोटशूळाचा धोका वाढतो. म्हणून जुन्या पागेतूनच वैरणीच्या काही गठड्या विकत घेतल्या आणि नवी वैरण आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवत नेली. नव्या पागेने पहिले तीन आठवडे तिला वेगळं ठेवलं, रोज ताप पाहिला. स्ट्रँगल्ससारखा (घोड्यांच्या घशाच्या गाठी सुजवणारा) संसर्गजन्य आजार संसर्गानंतर 3 ते 14 दिवसांनी दिसतो, तेव्हा ही काळजी योग्यच. माझ्या आधीच्या पागेत हे कुणी कधी केलं नव्हतं.

डिपॉझिटमधून दाराच्या कुरतडलेल्या फळीचे पैसे कापून आले. ती फळी आम्ही तिथे जाण्याआधीपासून तशीच होती, आणि तेव्हाचा फोटो माझ्याकडे होता. तो पाठवल्यावर कापलेले पैसे परत मिळाले, सोबत एक शब्दही न लिहिता.

नव्या पागेत सही करण्याआधी मी तीन बदल सुचवले. मुदत दोन्ही बाजूंना 30 दिवस : मान्य. घोडी लवकर गेली तर खाण्याचे पैसे वजा, मेली तर नोटीस लागू नाही : मान्य. मुदतीत ठाण भरलं तर त्या दिवसापासूनचं भाडं परत, यावर मात्र नव्या मालकीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, “मग ठाण लवकर भरायची धावपळ मी कशाला करू?” अखेर अर्ध्यावर जमलं : अर्धं मला परत, अर्धं त्यांना.