क्षारपड रान आणि पर्यावरणाचा तास : माझा अनुभव

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी पीएच.डी.साठी सांगली जिल्ह्यातील क्षारपड जमिनी हा विषय घेतला आणि त्याच सुमारास एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर 'पर्यावरण अभ्यास' शिकवू लागलो. १९९१ साली पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांमुळे हा विषय पुढे पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा झाला. मात्र त्याकडे केवळ उत्तीर्ण होण्यापुरते पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कृष्णाकाठच्या काळ्या, चिकण मातीत पाणी सावकाश मुरते. उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरपूर पाणी दिले की भूजलाची पातळी वर येते, ते पाणी मातीतून पृष्ठभागापर्यंत चढून उडून जाते आणि क्षार मागे राहतात. प्रकल्पासाठी मी विद्यार्थ्यांना आपापल्या रानातील मातीचे नमुने आणायला सांगितले. बी.कॉम.च्या एका विद्यार्थिनीने आणलेल्या ढेकळावर पांढरा थर होता, आणि नखाने खरवडल्यावर तो पिठासारखा सुटत होता. एक भाग माती अडीच भाग पाण्यात ढवळून आम्ही सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता) आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाचा अंदाज देणारे माप) मोजली. सामू साडेआठच्या वर गेलेल्या चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या, जमिनीला जिप्सम लागते, तर नुसत्या क्षारयुक्त जमिनीत चांगला निचरा आणि गोडे पाणी यांनी क्षार धुऊन निघतात. म्हणून मोजल्याशिवाय उपाय करू नये, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगत असे.

त्या मुलीचे वडील भेटले तेव्हा म्हणाले, "सर, पाइप घालतो की, पण पाणी सोडायचं कुठं? खालचा ओढाच बुजलाय." जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून केलेला निचरा क्षार धुऊन नेतो, पण ते पाणी शेजाऱ्याच्या बांधातून पुढे जावे लागते आणि शेवटी ओढा वाहता असावा लागतो, एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले हे काम नाही.

तेव्हापासून माझ्या प्रबंधाचा भर क्षारांच्या प्रमाणावरून निचऱ्याच्या वाटेकडे वळला. शीर्षक बदलण्यासाठी मार्गदर्शकांची शिफारस, सुधारित आराखडा आणि सल्लागार समितीपुढे सादरीकरण, असे सारे सोपस्कार करावे लागले. हा विषय अभियांत्रिकीचा नाही का, असे समितीने विचारले, तेव्हा मी ओढ्याकाठच्या आणि ओढ्यापासून दूरच्या रानांतील विद्युतवाहकतेची आकडेवारी समोर ठेवली आणि बदल मंजूर झाला. यंदा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात मातीबरोबर ओढ्यांच्या पाहणीचाही समावेश केला आहे.