मला कुणी विचारलंच नाही

आज दुपारी आई चष्मा न लावता तांदूळ निवडत बसली होती आणि मधेच तिने फोनवरचा मेसेजही वाचून दाखवला. शेजारच्या काकू बघतच राहिल्या, म्हणाल्या, "माझंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय की, मला तर चष्म्याशिवाय कुणाचा कॉल आलाय तेही दिसत नाही. मला कुणी विचारलंच नाही गं."

हे शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

आईच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यांत बसवलेली लेन्सही साधीच आहे, मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावर फोकस होणारी. फक्त डॉक्टरांनी आधी विचारलं, दिवसभर जवळचं काय काय बघता, मग कुठल्या डोळ्याचा जोर जास्त ते तपासून तो लांबसाठी ठेवला आणि दुसरा मुद्दाम उणे १.२५ नंबरवर, म्हणजे त्या डोळ्याचा फोकस साधारण ८० सेंटीमीटरवर येतो. दोन्हीची सांगड मेंदू घालतो, सवय व्हायला थोडा वेळ जातो. औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं अजूनही चष्म्याशिवाय नाहीच जमत, वस्तू किती लांब आहे याचा अंदाज किंचित कमी होतो आणि सगळ्यांना हे मानवतं असंही नाही, म्हणून काहीजणांना आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून ट्रायल देतात.

पण निदान विचारायला तरी हवं ना? तुमच्या घरी कुणाला ऑपरेशनआधी विचारलं होतं का?