बिलं वाचता तरी का हो तुम्ही?

लग्नात, दशक्रियेला, अगदी गाडीत बसता बसता काचेतून डोकं आत घालूनसुद्धा लोक मला, म्हणजे त्यांच्या आमदाराला, एकच विचारतात: "साहेब, टीव्हीवर तर नुसता गोंधळ दिसतो. विधानसभेतली ती बिलं तुम्ही वाचता तरी का, का नुसतेच हात वर?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे आम्ही हात वर करत नाही. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. दोन्हीकडून आवाज येतो, 'होयचे बहुमत' असं जाहीर होतं, विधेयक संमत. मतविभागणी मागितली तरच डोकी मोजतात, आणि ती फार कमी वेळा मागितली जाते.

आता वाचण्याचं. सगळी नाही वाचत. 288 जणांच्या सभागृहात सगळी वाचणारा मला अजून भेटायचा आहे. बहुतेक विधेयकं सुधारणेची असतात आणि त्यांची भाषा अशी: मूळ अधिनियमाच्या अमुक कलमातील पोटकलम (2) मध्ये "तीस दिवस" या मजकुराऐवजी "नव्वद दिवस" हा मजकूर दाखल करण्यात येईल. संपलं. कुणाचे तीस, कशाचे नव्वद, हे कळायला मूळ कायदा शेजारी उघडा हवा. मागे परिशिष्टात जुन्या कलमांचा उतारा जोडलेला असतो, पण तो अर्ध्या तासात पचत नाही.

म्हणून मी उलटीकडून वाचतो. आधी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन', म्हणजे सरकार तोंडाने काय सांगतंय ते. मग वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचं ज्ञापन. हे पान सहसा कुणी उघडत नाही आणि खरी गोम तिथेच असते. कोणत्या कलमाखाली नियम करायचे, अधिसूचना काढायची, कायदा कधीपासून लागू करायचा, असे कोणकोणते अधिकार सरकार स्वतःकडे घेतंय, याची ती यादी. तुम्हाला फी किती पडणार, अर्ज कुणाकडे करायचा, हे बरेचदा आमच्यापुढे येतच नाही. ते नंतर मंत्रालयात ठरतं. नियम सभागृहाच्या पटलावर ठेवतात खरे, पण त्या गठ्ठ्याची गाठ सोडून बघणारा विरळाच.

चर्चा का होत नाही, तर आमचा जीव लक्षवेधीत, म्हणजे तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेत, अडकलेला असतो म्हणून. लक्षवेधी लागली की मंत्र्याला उभं करून रखडलेल्या पुलाचं उत्तर घेता येतं, आणि ती क्लिप संध्याकाळपर्यंत गावोगाव फिरते. विधेयकावर बोललेलं कोण फॉरवर्ड करणार? तुम्हीही करत नाही, राग मानू नका. त्यात काही विधेयकं म्हणजे आधीच निघालेल्या अध्यादेशाचं (अधिवेशन नसताना राज्यपालांच्या सहीने निघालेल्या तात्पुरत्या कायद्याचं) रूपांतर. अधिवेशन सुरू झालं की सहा आठवड्यांत अध्यादेश संपतो, म्हणून त्याचं विधेयक येतं. कायदा लागू होऊन बसलेला असतो, आम्ही मागाहून 'होय' म्हणतो.

बरं, चर्चा झाली तरी ती मनापासूनची असते असं समजू नका. सरपंचाची थेट निवडणूक घ्या. 2017 साली ती आली, 2020 मध्ये महाविकास आघाडीने रद्द केली, 2022 मध्ये शिंदे सरकारने परत आणली. पक्ष न बदलता मी दोन्हीकडच्या बाकांवर बसलो आहे (सरकारंच इतकी बदलली, माझा काय दोष?), त्यामुळे सांगू शकतो: बाकं बदलली तशी भाषणंही बदलली. काल ज्यांना थेट निवडणुकीत गावाचा कौल दिसायचा, त्यांना आज सरपंच एका पक्षाचा आणि सदस्य दुसऱ्याचे, असा खोळंबा दिसू लागला. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण कोणता कोणी मांडायचा ते गटनेत्यांच्या बैठकीत ठरतं. वर पक्षादेश (व्हिप), म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा हुकूम, असतोच. 1985 पासून राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत लिहून ठेवलंय, पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली तर आमदारकी जाऊ शकते.

मग आमचा उपयोग काय, असं म्हणाल. उपयोग समितीत होतो. शहरी नक्षलवाद रोखण्यासाठी म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक आठवून बघा. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून 12 हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. आधीच्या मसुद्यात व्यक्ती आणि संघटना असा मोघम उल्लेख होता. त्याऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशाच संघटना असं आलं. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. एवढ्याने ते निर्धोक झालं असं माझं मत नाही. 'तशाच' म्हणजे नेमक्या कोणत्या, हा प्रश्न उरतोच. पण जो काही फरक पडला तो बंद दाराआड, कलमावर बोट ठेवून बसलेल्या माणसांमुळे पडला. जुलै 2025 मध्ये ते विधानसभेत आलं तेव्हा शंका पुष्कळांनी मांडल्या. उघड विरोध नोंदवला तो माकपच्या विनोद निकोले यांनी, एकट्याने.

आणि एकमताचं फार कौतुक करू नका. मराठा समाजाला 10 टक्के आरक्षण देणारं विधेयक 20 फेब्रुवारी 2024 ला एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झालं. ज्या विषयावर 2018 चा कायदा सर्वोच्च न्यायालयात 2021 साली टिकला नाही, त्यावर कलमवार चिकित्सा करायला दुपारसुद्धा मिळाली नाही. 'नाही' म्हणून गावात कोण परतणार होतं?

महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणाऱ्या शक्ती विधेयकाची गोष्ट याच्या उलट. 2020 मध्ये आलं, संयुक्त समितीकडे गेलं, वर्षभराने डिसेंबर 2021 मध्ये एकमताने संमत झालं. सगळं कसं रीतसर. पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो, पण केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली की राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळालीच नाही. म्हणून कुणी 'विधेयक मंजूर' असा मेसेज पाठवून अभिनंदन केलं की मी आधी विचारतो, राज्यपालांची सही झाली का फाईल दिल्लीला गेली?