ढग पुढे न ढकलणारा जादूगार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न जुनाच आहे, विचारणाऱ्यागणिक शब्द तेवढे बदलतात. ‘नद्या, जंगलं, हवामान यांबद्दल एवढ्या कळकळीनं बोलता, मग वाचायला मात्र जादूगारांच्या आणि ड्रॅगनच्या मालिका का घेता? त्याही किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या? आणि मुलीच्या हातातही त्याच का देता? पर्यावरणावरची माहितीची पुस्तकं काय कमी आहेत?’

कमी नाहीत. तीही मी वाचते, मुलीलाही देते. पण पाण्याकडे, मातीकडे, झाडाकडे बघायची माझी नजर ज्या प्रसंगानं बदलली, तो एका कल्पित बेटावर घडतो आणि त्यात घडत जवळजवळ काहीच नाही. फक्त पाऊस पडतो.

हा प्रसंग उर्सुला ले ग्विन या अमेरिकी लेखिकेच्या ‘अर्थसी’ मालिकेतल्या पहिल्या पुस्तकातला, १९६८ सालच्या. थोड्या मोठ्या मुलांसाठी काही लिहून बघा, असं एका प्रकाशकानं त्यांना सुचवलं आणि त्यातून समुद्रात विखुरलेल्या बेटांचं हे जग उभं राहिलं. गेड हा तिथला शेळ्या राखणारा पोरगा. अंगात जादूची विलक्षण ताकद. ओगिअन नावाचा थोर जादूगार त्याला शिष्य म्हणून घेऊन निघतो. पोराला वाटतं, आता मंत्र मिळणार. पण दिवसामागून दिवस दोघं नुसते डोंगरातून चालत राहतात. मग पाऊस येतो. त्या बेटावरचा किरकोळ जादूगारही आपल्या डोक्यावरचा ढग पुढे ढकलून देतो, पुढचा आणखी पुढे, आणि असा टोलवला जात जात तो ढग शेवटी समुद्रावर जाऊन रिता होतो. ओगिअन तसं काही करत नाही. पडतोय तर पडू देतो, आणि एका दाट झाडाखाली जाऊन निजतो. गेड झुडपात कुडकुडत बसतो. वापरायचीच नसेल तर ताकद हवी कशाला, हा त्याचा सवाल.

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना आम्ही हे एकत्र वाचलं. ती गेडपेक्षाही जास्त चिडली. ‘येतं ना त्याला? मग भिजतो कशाला?’ माझ्याकडे उत्तर होतं, पण दिलं नाही. पुस्तक स्वतः बोलायला तयार असेल तेव्हा आपण मध्ये पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्याच्या थोडं आधी आणखी एक छोटा प्रसंग आहे. वाटेत एक चार पानांची साधी रानटी वनस्पती दिसते. ओगिअन तिचं नाव सांगतो, गेड लगेच विचारतो, हिचा उपयोग काय? गुरू म्हणतो, मला तरी ठाऊक नाही. मग तोच उलट विचारतो, की तुझा काय उपयोग आहे, माझा काय आहे, या डोंगराचा किंवा समुद्राचा काय आहे? आधी हिचं मूळ, पान, फूल, बी ओळखायला शीक, प्रत्येक ऋतूत ती कशी दिसते, तिला वास कसा येतो ते बघ, मगच तिचं खरं नाव तुला कळेल.

पुस्तक मिटून मी बराच वेळ बसले होते. आपण मुलांना झाड शिकवतो ते उपयोगांच्या यादीतूनच: सावली, फळ, लाकूड, औषध, प्राणवायू. हेतू चांगला असतो, पण त्या यादीतून मूल शेवटी एवढंच उचलतं, की ज्याचा उपयोग सांगता येत नाही ते गेलं तरी चालेल. अर्थसीत जादू चालते ती खऱ्या नावांवर. एखाद्या गोष्टीचं खरं नाव माहीत असेल तरच तिच्यावर मंत्र चालतो, आणि नाव कळायचं तर ती नीट ओळखावी लागते. जादूगारांच्या शाळेत मुलं नावांच्या याद्याच्या याद्या पाठ करत बसतात. साहसकथेत ही केवढी संथ, चिवट जागा! पण हाच पाया आहे. एखादं माळरान ओसाड दिसतं, ते आपल्याला तिथल्या गवतांची नावं माहीत नसतात म्हणून.

आणि मग येतो समतोलाचा धडा. रोक बेटावरच्या त्या शाळेत शिक्षक बजावतात, की खड्याचं रत्न खरोखर करायचं झालं तर जगाचा तोल हलवावा लागतो. आणि एका बेटावर पाऊस पाडलास तर दुसऱ्या कुठल्या तरी बेटावर दुष्काळ पडू शकतो. मी हे वाचत होते त्याच सुमारास अरल समुद्राबद्दलही वाचत होते. एके काळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. १९६०च्या दशकापासून सोव्हिएत संघानं अमू दर्या आणि सिर दर्या या त्याला मिळणाऱ्या दोन नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे मोठ्या प्रमाणावर वळवलं. वाळवंटात कापूस आला, सरोवर आटत गेलं. मोयनाक हे बंदर कोरडं पडलं आणि तिथल्या बोटी आजही वाळूत गंजत उभ्या आहेत. तळ उघडा पडला, तिथली खारट, विषारी धूळ वाऱ्याबरोबर माणसांच्या घरात शिरली. शेतात पाऊस पाडल्यासारखं झालं आणि दुष्काळ समुद्राच्या वाट्याला आला. वर्षं, आकडे, नकाशे मला माहितीच्या पुस्तकांनी दिले. पण ते वाचताना मनात पहिला प्रश्न ‘हे पाणी कुणाच्या वाट्याचं होतं?’ हा उमटला, तो अर्थसीमुळे. आता धरण बघितलं, चकाकतं दुकान बघितलं, रात्रभर जळणारे दिवे बघितले, तरी तोच प्रश्न येतो. माझं तुम्हाला उत्तर म्हणाल तर हेच आहे. या मालिकांनी मला निसर्गावर प्रेम करायला शिकवलं असं मी म्हणणार नाही, प्रेम आधीही होतं. ढग पुढे ढकलताना पुढे कोण उभं आहे हे बघायला शिकवलं.

(ले ग्विन यांचा प्राचीन चीनमधल्या ताओ विचाराशी आयुष्यभराचा संबंध होता. त्या विचाराचा मूळ ग्रंथ ‘ताओ ते चिंग’, त्याचं त्यांनी स्वतः केलेलं इंग्रजी रूप १९९७ साली प्रसिद्ध झालं. ते वाचल्यावर ओगिअन पावसात का निजतो हे मला आणखी खोलवर कळलं. करता येत असूनही न करणं, ही तिथे शक्तीच मानलेली आहे.)

या प्रकारातली सगळीच पुस्तकं चांगली असतात असं मुळीच नाही. पुष्कळशा मालिकांत एक काळा, दुष्ट सत्ताधीश असतो, त्याच्यामुळे जंगल सुकत असतं, आणि शेवटच्या पन्नास पानांत तो मेला की दुसऱ्या दिवशी सकाळी नद्या निवळशंख. अशी पुस्तकं मला घातक वाटतात. एकतर खराबी नेहमी दुसऱ्या कुणाची तरी असते हे ती शिकवतात, आणि वर ती लगेच भरून निघते हेही. खऱ्या जगात काय होतं ते बघा. ओझोनचा थर वाचवायला १९८७ साली माँट्रियल करार झाला. जगानं तो पाळला, घातक रसायनं जवळजवळ बंद केली. म्हणजे सगळं बरोबर केलं. तरीही अंटार्क्टिकावरचा थर १९८०च्या पातळीला यायला साधारण २०६६ साल उजाडेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. करारावर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो दिवस दिसणार नाही. हा काळ मुलाच्या मनात कसा उतरवायचा? तक्त्यातून उतरत नाही. मला वाटतं, लांब मालिका हा त्याचा एक मार्ग आहे. पुस्तकामागून पुस्तक, मध्ये महिने जातात, वाचणारं मूल स्वतः उंच होतं, आणि पहिल्या पुस्तकात झालेली जखम तिसऱ्यातही पुरती भरलेली नसते.

म्हणून लिहिणाऱ्यानंही वेळ घेतलेली मालिका मला विशेष आवडते. जपानी चित्रपटकार हायाओ मियाझाकी यांची ‘नाउसिका’ ही चित्रकथा १९८२ मध्ये सुरू झाली आणि १९९४ मध्ये संपली. सात खंड, बारा वर्षं. १९८४चा चित्रपट खूप जणांनी पाहिलाय, पण चित्रपट आला तेव्हा कथेचा मोठा भाग लिहून व्हायचा होता. चित्रपटच तेवढा पाहिला असेल तर कृपया खंड मिळवा.

माणसांच्या महायुद्धानंतर हजार वर्षं लोटलीत. जमिनीवर एक विषारी जंगल पसरत चाललंय, त्यात राक्षसी किडे, आणि हवा अशी की मुखवट्याशिवाय श्वास घेतला तर मरण. सगळ्यांचा निष्कर्ष एकच, जंगल जाळा. नाउसिका ही लहानशा खोऱ्यातली राजकन्या एवढंच करते, की त्या जंगलाचं बी आणून तळघरात, खोल विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर वाढवते. आणि ती झाडं विषारी निघत नाहीत. विष मातीत आहे, माणसांनीच मागे ठेवलेलं, आणि झाडं ते शोषून घेतायत. ज्याला सगळे रोग समजत होते तोच उपचार निघतो. हे पान उलटताना माझ्या अंगावर काटा आला होता. पुढच्या खंडांत मियाझाकी हे उत्तरही तसंच राहू देत नाहीत, पण ते तुमचं तुम्ही वाचा.

या कथेच्या मुळाशी असलेल्या गोष्टींत मिनामाता उपसागर आहे. जपानमधल्या या किनाऱ्यावर कारखान्यातून पारायुक्त सांडपाणी समुद्रात जात होतं. मासे खाणारी माणसं आणि मांजरं विचित्र आजारानं तडफडली, आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. मासेमारी थांबली, आणि पुढे त्याच पाण्यात मासे वाढले, हे कळल्यावर मियाझाकी हादरले होते. दुसरं मूळ फार जुनं आणि फार सुंदर आहे. हेयान काळातल्या (आठवं ते बारावं शतक) एका जपानी कथेत एक उमराव घराण्यातली मुलगी असते, तिला सुरवंट आवडतात. बाकीच्या मुली फुलपाखरांवर भाळतात, ही मात्र सुरवंटाचं फुलपाखरू कसं होतं ते बघत बसते, आणि लोक तिला वेडी ठरवतात. ओगिअनच्या त्या चार पानांच्या रोपाची मला इथे पुन्हा आठवण होते. दोन्हीकडे कोणीतरी बघत बसलंय, आणि जग विचारतंय, उपयोग काय?

मुलं घाबरत नाहीत का, निराश होत नाहीत का, असंही विचारलं जातं. थोडी होतात. अर्थसीच्या तिसऱ्या पुस्तकात जगातून जादूच झिरपून जायला लागते; जादूगार नावं विसरतात, रेशीम रंगवणाऱ्यांच्या हातातली कला जाते, कुणाचंच कशात मन लागत नाही. एका माणसाला मरण नको असतं, म्हणून त्यानं जीवन-मृत्यूमधलं दार उघडं टाकलेलं असतं आणि सगळं चैतन्य त्यातून वाहून चाललेलं असतं. ते दार बंद करताना गेडची सगळी शक्ती खर्ची पडते. मुलगी त्या रात्री रडली. मी तिला जवळ घेतलं आणि आम्ही काही न बोलता बसलो. रडण्यासारखंच होतं ते.

ले ग्विन यांनाही ते पुस्तक म्हणजे शेवट वाटला होता. तिसरं आलं १९७२ मध्ये, आणि चौथं थेट १९९० मध्ये, अठरा वर्षांनी. इतक्या वर्षांनी त्या आपल्याच जगात परतल्या तेव्हा त्यांनी साऱ्या जगावर येणारं कुठलं नवं संकट आणलं नाही. त्यांनी एक शेतघर दाखवलं. तिथली मध्यमवयीन बाई, तिनं सांभाळलेली, आगीत होरपळलेली एक लहान मुलगी, आणि परतलेला गेड, ज्याच्याकडे आता जादूचा कणही नाही. साहसकथेच्या नायकाकडून सगळं काढून घेतल्यावर उरतं काय, हे बघायला त्यांना अठरा वर्षं थांबावं लागलं. मला मालिकेतलं हेच पुस्तक सर्वांत जवळचं आहे. मुलांना ते कंटाळवाणं वाटेल म्हणून वगळा, असं सांगणारे भेटतात. वगळू नका. थोडी वर्षं थांबा, पण वगळू नका.

आम्हीही थांबलो. मुलगी आता चौदाची आहे आणि गेल्या आठवड्यात तिनं ते चौथं पुस्तक स्वतःच कपाटातून काढलं. अर्ध्यावर आली आहे. गेड डोंगरावर शेळ्या राखायला गेलाय. आयुष्यातला पहिला मंत्र त्यानं शेळ्यांवरच म्हटला होता, हे तिला आठवलं, आणि ते दाखवायला ती पहिलं पुस्तक घेऊन धावत माझ्याकडे आली. त्याची शक्ती परत येईल अशी तिला अजून आशा आहे. रोज रात्री विचारते, ‘आई, येईल ना गं?’

मी म्हणते, पुढे वाच.