तुम्ही विचारलंत म्हणून: हायबरनेट गेलं कुठे?

“तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? आमच्या लॅपटॉपवरून हायबरनेट गायब झालंय. व्हायरस असेल का हो?” सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही लोक मला हे विचारतात.

व्हायरस नाही. हायबरनेट म्हणजे चालू काम जसंच्या तसं डिस्कवर साठवून मशीन बंद करण्याचा पर्याय. एकतर विंडोज हा पर्याय मुळातच मेनूत दाखवत नाही, नाहीतर तो तुम्ही किंवा तुमच्या हुशार भाच्याने बंद केलेला असतो. माझ्या घरी हा उद्योग मीच केला होता. १२८ जीबीची एसएसडी, सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल. हायबरनेट करताना रॅममधलं काम हायबरफिल नावाच्या लपवलेल्या फायलीत उतरतं आणि विंडोज १० तिच्यासाठी साधारण रॅमच्या ४० टक्के जागा अडवून ठेवतं. माझी रॅम १६ जीबी, म्हणजे सहा जीबींहून जास्त जागा! एका कमांडने फाइल उडवली आणि विसरून गेलो. लॅपटॉप सुरू व्हायला वेळ घेऊ लागला, तेव्हा म्हटलं म्हातारा झाला. विंडोज लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही त्याच फायलीवर चालतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही! वर्षभराने हायबरनेट शोधायला बसलो. बायोस चाळला, ड्रायव्हर बदलले, अख्खा रविवार गेला.

म्हणून आता कुणी विचारलं की आधी मशीनलाच विचारायला लावतो. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा. इंग्रजीत पॉवरसीएफजी हा सलग एकच शब्द, मग स्पेस, स्लॅश आणि ए. स्लीप, हायबरनेट वगैरेंपैकी कोणत्या झोपा मिळतील, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे तो कारणासकट सांगतो. हायबरनेशन चालूच केलेलं नाही असं म्हणाला, तर स्लॅशनंतर ए-ऐवजी एच, स्पेस, ऑन. एंटर मारल्यावर तो काहीच बोलत नाही. घाबरू नका, काम झालेलं असतं.

तरीही मेनूत दिसत नाही? कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा. खालचे चौकोन फिकट दिसतील. वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक केलं की ते जिवंत होतात. हायबरनेटवर टिक, सेव्ह. चौकोनच नसेल, तर फाइल ‘रिड्यूस्ड’ प्रकारची असू शकते. ती फक्त फास्ट स्टार्टअपपुरती असते. पुन्हा पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, स्लॅश टाइप, स्पेस, फुल दिलं की पूर्ण होते.

स्लीप गेलं असेल तर मात्र माझा पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. विंडोज नव्याने टाकल्यावर हे होऊ शकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं की चोर सापडला. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या आणि रीस्टार्ट करा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअरं घेऊ नका, त्यांनी केलेली घाण नंतर मलाच काढावी लागते.

नव्या लॅपटॉपवर स्लॅश ए-च्या यादीत एस३ (जुन्या पद्धतीची स्लीप) नाही, एस० (नव्या पद्धतीची) आहे असं दिसलं तर तो बिघाड नव्हे, त्यांची झोपच तशी, मोबाइलसारखी सावध. असा लॅपटॉप बॅगेत घालून प्रवासाला निघायचं असेल तर झाकण मिटण्याआधी हायबरनेटच करा. माझा एकदा पुण्याहून नाशिकला पोचेपर्यंत इस्त्रीसारखा तापला होता.