बग्गी : मागच्या चाकाचा घोळ अखेर सापडला

मी घरी एक बग्गी बनवतोय, म्हणजे रानात चालवायची, पाइपच्या सांगाड्याची मोटरगाडी. गेल्या वेळी ती चार चाकांवर उभी राहिली, इथपर्यंत सांगून थांबलो होतो. नंतर दोन महिने काहीच लिहिलं नाही. गाडी चालत होती, पण सरळ चालत नव्हती, आणि कारण हाताला लागत नव्हतं. गेल्या आठवड्यात लागलं. म्हणून आज बाकी सगळं थोडक्यात आणि मागच्या चाकाचं सविस्तर.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच : घरामागचा जुना गोठा हा माझा कारखाना. गाडीचा जीव १९९८ च्या मारुती ८०० मधून घेतलाय. ती २०१९ च्या महापुरात शिरोळकडे चार दिवस पाण्याखाली होती. मालकांनी आरसी रद्द करून ती भंगारात काढली, तिथून मी उचलली. इंजिन उघडलं तेव्हा दोन सिलिंडरमध्ये पंचगंगेचा गाळ बसलेला होता आणि गिअरबॉक्सचं तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. तरी सिलिंडर आतून घासून (बोअर होनिंग), नव्या रिंगा आणि सगळे सील टाकल्यावर ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन तिसऱ्या स्टार्टरला बोललं. कार्ब्युरेटरचं मॉडेल मुद्दाम शोधलं होतं. वायरिंगचं जंजाळ पुरात भिजलं की ते कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि शेतात कॉम्प्युटर लावून दोष शोधत बसायची माझी इच्छा नव्हती.

मारुतीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं ओढणारे ड्राइव्ह शाफ्ट हा सगळा पॅक एकत्र उचलून ड्रायव्हरच्या मागे बसवलाय. इथे पुष्कळ जण विचारतात की गिअरचा रॉड पुढे यावा म्हणून पॅक उलटा फिरवला तर चालेल का. नाही चालणार. फिरवलात तर चार गिअर मागे जायचे आणि एक पुढे जायचा मिळतील. पॅक जसा पुढे होता तशाच तोंडाने सरळ मागे न्यायचा. मग गिअरचा रॉड गाडीच्या मागच्या अंगाला निघतो आणि तो वळवून हाताशी आणावा लागतो. माझं ते काम अजून कच्चं आहे. दुसरा आणि चौथा नीट पडतात, पहिल्याला दोनदा शोधावं लागतं.

फ्रेमच्या पाइपबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या बग्गी बनवायच्या बाहा स्पर्धेत केजच्या, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पिंजऱ्याच्या, मुख्य पाइपला २५ मिमी व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असं माप धरतात. त्यांच्या गाड्या हलक्या असतात, छोट्या इंजिनाच्या. माझी ड्रायव्हरसकट साडेपाचशे किलोच्या घरात जाणार होती, म्हणून मी ३२ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा घेतला. वजन मीटरमागे जेमतेम दोनशे ग्रॅम वाढतं, पण वाकायला विरोध जवळपास दुप्पट मिळतो. व्यास वाढवणं हे जाडी वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं. फक्त पाण्याचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप कुणीही वापरू नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि जस्त नीट घासून काढलं नाही तर टाकाही भरवशाचा बसत नाही.

आता मागच्या चाकाकडे.

मारुतीच्या पुढच्या नकलला, म्हणजे चाकाचा हब धरून वळणाऱ्या लोखंडी भागाला, स्टिअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) लागतो. तीच नकल मागे आली तरी टाय रॉड लागतोच, नाहीतर चाक मोकळं फिरेल. फक्त आता त्याचं आतलं टोक स्टिअरिंगच्या रॅकला न जोडता फ्रेमला जोडायचं. मी ते खालच्या आडव्या पाइपवर जिथे हात पुरत होता तिथे कान (भोक असलेली पट्टी) वेल्ड करून जोडलं. चाकं समोरासमोर दोरी लावून सरळ केली, नट आवळले आणि काम झालं असं समजलो.

पहिल्या फेरीला पाणंदीत गाडी ठीक गेली, कारण वेग कमी होता आणि रस्ता सपाट होता. दुसऱ्या दिवशी पाणंद जिथे ओढ्याकडे वळते तिथे तिसऱ्या गिअरमध्ये वळवली आणि मागचं अंग एकदम बाहेर निघालं. स्टिअरिंग मी जेवढं फिरवलं होतं त्यापेक्षा गाडी जास्त वळली. बांधाच्या कडेला थांबलो. केज आणि चार जागी बांधणारा पट्टा होता म्हणून मला काही झालं नाही, पण त्या दिवशी परत बसलो नाही.

आधी टायरवर संशय घेतला. हवा कमी-जास्त केली. मग शॉकअब बदलले. मग इंजिनाचं वजन मागे असल्यामुळे असं होत असेल अशी मनाची समजूत घातली आणि बॅटरी पुढे नेली. काही फरक नाही. सुमारे महिना असा गेला.

उद्यमनगरातले एक जुने टर्नर मामा आहेत, पुढच्या हबमध्ये घालायचे माझे स्टब (आखूड दांडे) त्यांनीच लेथवर वळवले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "उभ्या गाडीवर चाकं सरळ केलीस, पण चाक वर उचललेलं असताना सरळ राहतंय का बघितलंस?" मी बघितलं नव्हतं.

तर माप असं घेतलं. गाडी चार स्टँडवर पक्की, पाणसळ लावून समतल. मागच्या डाव्या स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेला उभा दांडा) स्प्रिंग काढून स्ट्रट नुसता परत बसवला, म्हणजे चाक हाताने वरखाली होतं. चाक काढून हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, ६०० मिमी लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी बोल्ट केली. गाडीच्या मध्यरेषेला समांतर एक दोरी ताणली. मग हबखाली जॅक लावून दर १० मिमीला पट्टीच्या दोन्ही टोकांपासून दोरीपर्यंतचं अंतर घेत गेलो. मुलगी वही घेऊन आकडे लिहीत होती. तिसऱ्या ओळीलाच ती म्हणाली, "बाबा, एक आकडा वाढतोय आणि एक कमी होतोय." चाक ६० मिमी वर गेल्यावर दोन टोकांतला फरक २२ मिमी झाला होता. म्हणजे दोन अंशांहून जास्त, तेही पुढून बाहेरच्या बाजूला.

असं का होतं ते एकदा कागदावर काढलं की डोक्यातून जात नाही. चाक वर जाताना लोअर आर्मचं (चाकाला फ्रेमशी जोडणारा खालचा आडवा दांडा) टोक एका वर्तुळावर फिरतं आणि टाय रॉडचं टोक दुसऱ्या वर्तुळावर. दोन्ही वर्तुळं जुळली तर चाक सरळ राहतं. माझ्या टाय रॉडचं आतलं टोक हवं त्यापेक्षा खाली होतं. त्यामुळे चाक वर गेलं की रॉड नकलचा मागचा हात आत ओढायचा आणि चाकाचं पुढचं तोंड बाहेर वळायचं. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, म्हणजे बाहेरचं मागचं चाक वर जातं आणि बाहेर तोंड करतं. पुढची चाकं गाडीला वळवत असतानाच मागचं चाकही तिला त्याच वळणात ढकलायला लागतं. ओढ्याजवळ नेमकं हेच झालं होतं.

पुस्तकी उत्तर असं की टाय रॉडची रेषा वाढवली तर ती लोअर आर्मची रेषा आणि स्ट्रटच्या वरच्या टोकातून स्ट्रटला काटकोनात काढलेली रेषा जिथे मिळतात, त्याच बिंदूकडे गेली पाहिजे. माझ्या बाबतीत तो बिंदू गोठ्याच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या अंगणात पडत होता. म्हणून प्रयोगाचा रस्ता धरला. जुना कान ग्राइंडरने कापला. ६ मिमीच्या पत्र्याच्या दोन पट्ट्यांत उभी खाच पाडून त्यात बोल्ट वरखाली सरकेल अशी जागा केली, आणि एक-एक सूत वर नेत प्रत्येक वेळी सगळी मापं परत घेतली. चौथ्या सूताला फरक ७ मिमीवर आला, सहाव्याला ३ मिमी. त्यापुढे तो उलट बाजूला वाढायला लागला. सहा सूत, म्हणजे साधारण १९ मिमी. एवढ्याशा उंचीसाठी दोन महिने गेले.

खाचेचा कान कायमचा ठेवायचा नाही. धक्क्याने बोल्ट सरकला तर सगळं मुसळ केरात. जागा नक्की झाल्यावर बरोबर मापाचं भोक पाडलेल्या नव्या पट्ट्या बनवल्या आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंनी आधार राहील अशा वेल्ड केल्या. एका बाजूच्या आधारावर लटकणारा बोल्ट वाकतो. बोल्ट डोक्यावर ८.८ लिहिलेलेच घ्या. वेल्डिंगच्या ७०१८ रॉड्यांना पावसाळी हवा लागू देऊ नका. आत बल्ब पेटता ठेवलेल्या पेटीत कोरड्या रॉड्या कोरड्या राहतात, पण एकदा ओल धरलेली रॉड बल्बच्या उबेने सुधारत नाही.

उजव्या बाजूला मात्र १९ मिमीचं माप नुसतं उचलून लावलं नाही. सगळी मोजणी परत केली. तिकडे १७ आलं. माझी फ्रेम दोन मिमीने तिरकी आहे, हे त्या दिवशी कळलं.

नंतरची चाचणी उसाच्या रानात घेतली. यंदा आमचा खोडवा मोडायचाच होता, म्हणून आबांनी रान दिलं. आधी सगळं पाचट गोळा केलं. वाळलेल्या पाचटात तापलेला सायलेन्सर घेऊन फिरणं म्हणजे आग लावणं आहे. पाच किलोचं अग्निशामक सीटच्या बाजूला बांधलेलं असतं, ते नसेल तर मी चावी फिरवत नाही.

सरीला आडवी गाडी घातली तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली. आमची सरी साडेचार फुटी, म्हणजे १३७२ मिमी. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २०६० मिमी. भागून बघा, बरोबर दीडपट. म्हणजे पुढचं चाक वरंब्यावर असतं तेव्हा मागचं सरीच्या तळात असतं, आणि पुढच्या क्षणी उलट. ताशी आठ-नऊ किलोमीटरला गाडी नावेसारखी डोलते, पोटात कालवतं. पंधराच्या वर नेली की शांत होते, कारण धक्के इतके भरभर येतात की स्प्रिंगला डोलायला वेळच मिळत नाही. शेजारच्या साडेतीन फुटी सरीत तीच गाडी जवळजवळ सरळ वरखाली होते, डोलत नाही. चाकांमधलं अंतर ठरवताना आपण कुठल्या रानात फिरणार हे कुणी विचारात घेतं का, मला माहीत नाही. पुढच्या गाडीला मी नक्की घेणार.

आणि मागचं अंग? सरीतून तिरकी काढली, वळवली, मुद्दाम एका चाकाला वरंबा दिला. जिथे वळवली तिथेच गेली. ओढ्याजवळचं ते वळण परत घेतलं, आधी दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. आबा बांधावर उभे होते. खाली उतरलो तेव्हा म्हणाले, "आता गाडी तुझं ऐकाय लागली."

पुढच्या हबबद्दल एक सूचना, कारण ही चूक मी होता होता वाचलो. मी पुढेही दुसऱ्या ८०० च्या नकल लावल्यात. पुढे ड्राइव्ह नाही, म्हणून शाफ्ट काढून हब रिकामा ठेवण्याचा मोह होतो. तसं करू नका. त्या हबची बेअरिंगं शाफ्टच्या नटाने आवळलेली असतात. शाफ्ट नसेल तर ती सैल फिरतात, काही किलोमीटरमध्ये चाक डुगडुगायला लागतं आणि शेवटी निघूनही येऊ शकतं. खराब सीव्ही जॉइंटची (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा सांधा) वाटी कापून उरलेला दांडा स्टब म्हणून घाला आणि नट पूर्ण आवळा. खराब जॉइंट भंगारात किलोच्या भावाने मिळतात.

मागचे ड्राइव्ह शाफ्टही बघा. गाडी मारुतीपेक्षा हलकी असल्याने मूळ स्प्रिंगवर ती उंच उभी राहते. चाक पूर्ण लटकलं की शाफ्टचा कोन वाढतो आणि सांध्यावरचा रबरी बूट फाटतो. माझा एक फाटला. आता लोअर आर्मला ट्रकच्या मालाला बांधायचा पट्टा लावून चाक ठरावीक मापाखाली जाणार नाही असं केलंय.

बघायला येणारे सगळे विचारतात, रस्त्यावर कधी काढणार? नाही काढणार. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेची, घरी बनवलेली, किक मारून सुरू होणारी गाडी २०२१ च्या शेवटी देशभर गाजली, तेव्हापासून लोकांना वाटतं घरी गाडी बनवली की नंबर मिळतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, आणि नोंदणीसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते. ती एकेका गाडीसाठी मिळवणं माझ्या आवाक्यातलं नाही. गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून रानात नेतो आणि ट्रॉलीतूनच परत आणतो.

आता राहिलं काय, तर हँडब्रेक. मारुतीचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर असतो, आणि माझ्याकडे चारही बाजूंना पुढच्याच डिस्क आहेत, म्हणजे हँडब्रेक नाहीच. सध्या उतारावर थांबलो की लाकडाचे दोन ठोकळे लावतो. दोन वाटा दिसतात : मागच्या डिस्कवर केबलने चालणारा वेगळा छोटा कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) बसवायचा, नाहीतर मागच्या ब्रेकच्या पाइपमध्ये तेल अडवून धरणारा लॉक टाकायचा. दुसरी वाट सोपी आहे, पण दाब हळूहळू उतरला तर गाडी माणूस नसताना सुटेल, म्हणून मन पहिलीकडे जातंय. स्कूटर किंवा रिक्षाचा एखादा कॅलिपर कुणी डिस्कवर असा बसवला असेल, तर ब्रॅकेटचं माप कळवा. रविवारी मामांच्या लेथवर जायचंय.