चोकवाली ट्यूब

आमच्या दुकानातली ट्यूबलाइट अजून जुन्या चोकवरच चालते. लावली की भुंग्यासारखी गुणगुणते. "बाबा, एलईडी पट्टी बसवूया," असं मुलगा दोन वर्षं म्हणतोय आणि मी "पुढच्या महिन्यात" म्हणत ढकलतोय.

दुकान सांगलीत, गणपती पेठेतल्या एका बोळात. वडील व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचे) रेडिओ दुरुस्त करायचे. माझ्याकडे मिक्सर, होम थिएटर आणि गणपतीच्या तोंडावर मंडळांचे ॲम्प्लिफायर येतात. व्हॉल्व्हचं काम वर्षातनं एखादं. तसाच एका पावसाळी संध्याकाळी विश्रामबागचा एक पोरगा गिटारचा सेकंडहँड ॲम्प उराशी धरून आला. १५ वॅटचा, आउटपुटला ईएल-८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह, त्यांच्या आधी ईसीसी-८३ जातीचे.

"काका, दोनदा व्हॉल्व्ह बदलून झाले. दहा-पंधरा मिनिटं झकास वाजतोय, मग आवाज बसतो. फाटल्यागत येतो."

"बदलले कुणी?"

त्यानं सांगितलं. सांगणाऱ्याचं आणि करणाऱ्याचं, दोघांचंही नाव राहू दे. मागचा फ्यूज काढला तर त्याच्यावर तांब्याची जाड तार गुंडाळलेली. माझं डोकंच फिरलं. फ्यूज उडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय ना बाबा! त्याचं तोंड दाबून काय मिळवलं?

आधी किरकोळ गोष्टी उरकल्या. इनपुट जॅकचा नट ढिला होता, तो आवळला. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होती, बटणामागच्या पॉटमध्ये स्प्रे मारला, दहा-बारा वेळा फिरवला, गेली. चेसिस, म्हणजे सर्किटचा पत्र्याचा सांगाडा, बाहेर काढताना मात्र घाई करत नाही. प्लग काढला तरी वीज साठवणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी दबा धरून बसलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडणारे मी बघितलेत. मी रेझिस्टरनं उतरवतो आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट घालत नाही. चालू सेटमध्ये मोजायचं तर एक हात खिशात, ही वडिलांची शिस्त.

नवा फ्यूज घातला, स्पीकर जोडला (व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गमावून बसाल) आणि पोराला वाजवायला सांगितलं. आवाज चांगला, पण पाठीमागे एक घूं घूं. पोरगा गिटार घेऊन जरा वळला की ती कमी, परत वळला की जास्त. म्हणजे ती आतली नव्हे, गिटारच्या पिकअपमध्ये (तारांखालच्या चुंबकी गुंडाळीत) बाहेरून शिरतेय. बाहेर कोण, तर डोक्यावरची आमची ट्यूब.

"बंद कर रे ती."

शटर पावसामुळे निम्मं खाली होतं, त्यामुळे दुकानात चांगलाच अंधार झाला. घूं घूं थांबली. पोरगा वाजवत राहिला आणि थोड्या वेळानं मला ते दिसलं. फिलामेंटचा शेंदरी ठिपका दोन्ही व्हॉल्व्हमध्ये होता, तो असतोच. पण डावीकडच्या व्हॉल्व्हच्या करड्या पत्र्यावर शेंगदाण्याएवढा लाल डाग उमटला होता, आणि बघता बघता पसरत होता. प्लेट तापून लाल. झटकन बंद केला. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात हा डाग मला दिसलाच नसता.

थंड झाल्यावर दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. लाली परत डाव्याच सॉकेटवर. म्हणजे व्हॉल्व्ह बिचारे निर्दोष. ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीच्या पिनवर, मीटर लावला. या सर्किटमध्ये तिथं शून्य हवं. उजवीकडे शून्य, डावीकडे आधी २ व्होल्ट, आणि तापत जाईल तसे ४, मग ७. व्हॉल्व्ह उपसून मोजले तरी ७. गुन्हेगार सापडला: आधीच्या स्टेजचं डीसी अडवून नुसता आवाज पुढं सोडणारा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. गरम झाला की पाझरत होता. ग्रिडवर पॉझिटिव्ह आलं की व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो, आणि कॅथोडचा (जिथून व्हॉल्व्हचे इलेक्ट्रॉन निघतात त्या टोकाचा) रेझिस्टर दोघांत एकच असल्यामुळे दुसरा तितकाच सुस्तावतो. एक बैल जीव तोडून ओढतोय, दुसरा नुसता जुवाखाली चालतोय. मग आवाज फाटेल नाही तर काय?

कंडेन्सर काढून पोराच्या हातात मीटर दिला. मीटरनं तो अगदी चांगला दाखवला.

"मग काका, हा तर ओके आहे की!"

"तुझा मीटर त्याला दोन-चार व्होल्टवर विचारतोय. आत त्याच्यावर दोनशे असतात."

दोन्ही बाजूंना ६३० व्होल्टचे नवे कंडेन्सर बसवले. भाजून निघालेल्या व्हॉल्व्हच्या जोडीच्या जागी वडिलांच्या डब्यातली जोडी लावली, बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची. २०१९ च्या पुरात तो डबा पोटमाळ्यावर होता म्हणून वाचला. ट्यूब बंद ठेवून तासभर वाजवलं. पत्रे करडेच राहिले. ग्रिडवर दोन्हीकडे शून्य.

पैसे सांगितल्यावर पोरगा म्हणाला, "एवढेच?" व्हॉल्व्हवर आधी किती घातले ते त्यानं सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही, मलाच वाईट वाटतं.

गेल्या रविवारी मुलगा शेवटी एलईडी पट्टी घेऊनच आला. काउंटरवर लाव म्हटलं. टेबलावरच्या ट्यूबला हात लावू दिला नाही.